कडी काढलेली, उंबरठा उंच: देश व्यापाराला किती खुला हे मोजायचं कसं?

जपानने मोटारगाड्यांवरचं आयात शुल्क १९७८ साली शून्यावर आणलं. युरोपीय संघाचं शुल्क कित्येक वर्षं १० टक्के होतं आणि अमेरिकेचंही कित्येक वर्षं अडीच टक्के. नुसतं शुल्क पाहिलं तर गाड्यांच्या बाबतीत या तिघांत जपान सगळ्यात खुला ठरतो. पण जपानभर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या मोजल्या तर विदेशी कंपनीच्या गाड्या शंभरात दहाही भरत नाहीत. मग जपानचं दार उघडं आहे की बंद?

या प्रश्नावर वॉशिंग्टन आणि टोकियोत चाळीस वर्षांहून जास्त काळ वाद चालला आहे. त्यात करार झाले, धमक्या दिल्या गेल्या, चलनांचे दर हलले. दोन्ही बाजूंकडे आकडे होते आणि ते खोटे नव्हते. मोजपट्ट्या वेगळ्या होत्या, एवढंच. व्यापाराच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला या मोजपट्ट्या ओळखता याव्यात असं मला मनापासून वाटतं. अमुक देश किती खुला किंवा किती बंद हे सांगणारा आकडा समोर आला की त्यावर पुढचे निर्णय होतात, आणि त्या निर्णयांवर कारखान्यांतली पोटं अवलंबून असतात.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पट्टी साधी आहे. देशाची आयात आणि निर्यात यांची बेरीज करायची आणि तिला जीडीपीने भागायचं. अमेरिकेसाठी हे उत्तर साधारण २५ टक्के येतं, जर्मनीसाठी ८० टक्क्यांच्या वर आणि सिंगापूरसाठी ३०० टक्क्यांहून जास्त. वर्गात हा शेवटचा आकडा सांगितला की एखादा हात हमखास वर येतो: देशाच्या उत्पन्नाच्या तिप्पट व्यापार कसा होईल?

होतो, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींचा भागाकार करतो आहोत. समजा सिंगापूरच्या बंदरात १०० रुपयांचा माल उतरला, तिथे त्याची तपासणी आणि बांधणी झाली आणि १०५ रुपयांना तो पुढे गेला. व्यापाराच्या खात्यात २०५ रुपये लागले. जीडीपीत मात्र सिंगापूरने स्वतः भर घातलेले पाचच रुपये येतात. वर पूर्ण किंमत आणि खाली फक्त भर, मग गुणोत्तर फुगणारच. नेदरलँड्सचंही तेच होतं. रॉटरडॅमला उतरलेला बराचसा माल जर्मनीसाठीच असतो, पण आकडेवारीत त्याच्यावर डच शिक्काही बसतो.

दुसरी अडचण आकाराची. टेक्सासमधून मिशिगनला गेलेला माल हा अमेरिकेचा देशांतर्गत व्यवहार. बेल्जियममधून तासाभरात फ्रान्समध्ये पोहोचलेला ट्रक मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार. देश जितका मोठा, तितका त्याचा व्यापार हद्दीच्या आतच मुरतो. त्यामुळे या पट्टीवर मोठे देश नेहमी ‘बंद’ दिसतात आणि लहान देश ‘खुले’, मग त्यांची धोरणं काहीही असोत. १९९० मध्ये अमेरिका आणि जपान दोघांचंही हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ज्या देशाला अमेरिका बंदिस्त म्हणत होती, तो या पट्टीवर तिच्याइतकाच खुला होता.

म्हणून विकसित देशांची तुलना करताना अभ्यासक सगळा व्यापार धरत नाहीत. ते पक्क्या मालाकडे वळतात, म्हणजे कारखान्यात बनलेल्या वस्तूंकडे. तेल आणि खनिजं ज्याच्याकडे नाहीत त्याला ती आणावीच लागतात, त्यात खुलेपणाची कसोटी लागत नाही. शर्ट, गाडी, पंप किंवा टीव्ही या गोष्टी विकसित देश स्वतः बनवू शकतो. तरीही तो त्या बाहेरून घेतो का, हा खरा प्रश्न.

पक्का माल कशाला म्हणायचं, यातही खाचाखोचा आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-वर्गवारीत विभाग ५ ते ८ म्हणजे पक्का माल, त्यातून तांबं, ॲल्युमिनियमसारखे लोखंडाव्यतिरिक्तचे धातू वगळायचे, असा प्रघात आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारातून पैलू पाडलेला हिरा बाहेर गेला की तो या वर्गवारीत पक्का माल ठरतो, पण डबाबंद फळं ठरत नाहीत. कारखान्यांच्या उत्पादनाची वर्गवारी मात्र वेगळी आहे आणि तिच्यात डबाबंद फळंही कारखान्याचाच माल असतात. व्यापाराचा आकडा एका वर्गवारीतून आणि उत्पादनाचा दुसरीतून उचलला, तर भागाकार बरोबर असूनही उत्तर चुकतं.

हे नीट जुळवून घेतलं की दुसरी पट्टी हाती येते. देशात एखाद्या मालाचा जितका खप होतो, त्यातला परदेशी वाटा किती? समजा एका देशात वर्षाला ९०० कोटींचे पंप बनले. त्यातले ३०० कोटींचे बाहेर गेले आणि २०० कोटींचे बाहेरून आले. देशात खपलेले पंप म्हणजे ९०० वजा ३०० अधिक २००, म्हणजे ८०० कोटींचे. त्यात परदेशी २००, म्हणजे चौथा हिस्सा. ही पट्टी मला पहिलीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते, कारण इथे वर आणि खाली दोन्हीकडे मालाची पूर्ण किंमतच आहे आणि प्रश्न थेट बाजारातल्या गिऱ्हाइकापर्यंत जातो.

जपानचं बिंग फुटलं असं अनेकांना वाटलं, ते या पट्टीवर. १९८०च्या दशकात जपानमध्ये खपणाऱ्या पक्क्या मालातला परदेशी वाटा एकआकडी होता आणि अमेरिका, जर्मनी, फ्रान्सपेक्षा तो बराच कमी होता. आणखी एक गोष्ट खटकत होती. जर्मनी गाड्या विकतो आणि गाड्या विकतही घेतो. यंत्रं, औषधं यांचंही तसंच. एकाच जातीच्या मालाची अशी देवाणघेवाण श्रीमंत देशांत सर्रास चालते. ती मोजायचं सूत्र ग्रुबेल आणि लॉईड या दोन अर्थतज्ज्ञांच्या नावाने ओळखलं जातं. जपानमध्ये ही देवाणघेवाण फारच कमी होती. जे जपान विकायचा, ते तो जवळपास विकत घेतच नव्हता.

यावर मिशिगन विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ गॅरी सॅक्सनहाऊस यांचं उत्तर विचारात पाडणारं होतं. जपानकडे तेल नाही, लोहखनिज नाही, शेतजमीन तुटपुंजी. हे सगळं आयात करायचं तर पैसा कशातून आणणार? पक्का माल विकूनच. ज्या देशाला पक्का माल विकून तेल आणि धान्य आणावं लागतं, तो पक्का माल कमीच घेणार. त्यात लपवाछपवी कसली? याच्या उलट अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लॉरेन्स यांचं म्हणणं होतं की साधनसंपत्ती, अंतर, आकार हे सगळं जमेला धरलं तरी जपानची पक्क्या मालाची आयात अपेक्षेपेक्षा कमीच भरते.

या वादातला महत्त्वाचा शब्द आहे ‘अपेक्षेपेक्षा’. नुसता आयातीचा वाटा पाहून काही सिद्ध होत नाही. किती असायला हवा होता, हे ठरवावं लागतं.

ते ठरवण्याआधी दाराच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे अडथळ्यांच्या बाजूने, मोजून पाहू. किती माल आत आला हे मोजण्यापेक्षा आत येताना किती अडवलं हे मोजलं तर? इथे आयात शुल्क सगळ्यात सोपं, कारण ते छापील असतं. पण देश हजारो वस्तूंवर वेगवेगळं शुल्क लावतो. त्याची सरासरी काढायची कशी?

सहसा प्रत्येक वस्तूच्या आयातीच्या प्रमाणात वजन देऊन सरासरी काढतात. ऐकायला रास्त वाटतं, पण करून पाहा. एका देशात यंत्रांवर २ टक्के शुल्क आहे आणि ९८ रुपयांची यंत्रं येतात. शर्टांवर १०० टक्के शुल्क आहे, म्हणून जेमतेम २ रुपयांचे शर्ट येतात. वजनाची सरासरी चार टक्क्यांच्याही किंचित खाली येते. आता शर्टांवरचं शुल्क ३०० टक्के करा. शर्ट येणंच थांबतं, त्याचं वजन शून्य होतं आणि सरासरी थेट २ टक्क्यांवर उतरते. भिंत उंच केली आणि मोजपट्टी म्हणाली, देश आणखी खुला झाला! हा दोष अभ्यासकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे, तरीही हीच सरासरी अजून भाषणांत वापरली जाते.

अमेरिकेची सरासरी वर्षानुवर्षं दोन-तीन टक्क्यांच्या घरात होती. २०२५ मध्ये सगळंच चित्र पालटलं आणि त्या वर्षी २७ ऑगस्टपासून बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लागू झालं, ते आपल्याला ठाऊक आहेच. पण त्या आधीच्या ‘खुल्या’ काळातही सुती टी-शर्टवर १६.५ टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर ३२ टक्के शुल्क होतं. गरीब देश जे बनवू शकतात, नेमकं त्यावर. सरासरीत ते दिसतच नव्हतं.

हे १६.५ टक्केही वाटतात त्यापेक्षा जड असतात. मॅक्स कॉर्डन आणि बेला बॅलासा या अर्थतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात हे नीट मांडलं. हिशेब शिंप्याचा आहे. शर्टाची जागतिक किंमत १०० रुपये. त्यात ६० चं कापड, ४० ची शिलाई. देशाने कापडावर शून्य आणि शर्टावर २० टक्के शुल्क लावलं. आता देशातला शिलाईवाला शर्ट १२० ला विकू शकतो. कापड त्याला ६० लाच मिळतं, म्हणजे शिलाईचे त्याला ४० ऐवजी ६० मिळतात. कागदावर शुल्क २० टक्के, पण शिलाईच्या कामाला मिळालेलं संरक्षण ५० टक्के. श्रीमंत देशांच्या शुल्कपत्रकांत बऱ्याचदा हीच चढण दिसते: कच्च्या मालावर शून्य, सुतावर थोडं, कापडावर जास्त, कपड्यावर सगळ्यात जास्त. सूत विकायला दार उघडं, शर्ट विकायला अरुंद.

शुल्काचा परिणाम एका वस्तूत किती खोल जातो, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या छोट्या मालवाहू गाड्यांचं उदाहरण घ्यावं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन कोंबडीच्या मांसावरचं शुल्क वाढवलं. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काही वस्तूंवर २५ टक्के शुल्क लावलं, त्यात हलके ट्रक होते. कोंबडीचा वाद विरला, ट्रकचं शुल्क राहिलं. म्हणून तुर्कस्तानात बनलेली फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट ही व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्यांसकट जहाजाने बाल्टिमोरला यायची. सीट आहेत म्हणजे प्रवासी गाडी, म्हणून शुल्क अडीच टक्के. बंदरावरून पुढे गेली की सीट काढल्या जायच्या, खिडक्यांच्या जागी पत्रा बसायचा आणि मालवाहू व्हॅन तयार. २०१३ मध्ये कस्टम्सने हे अमान्य केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. ज्या शुल्कापायी कंपनीला नव्या कोऱ्या सीट बसवून उपटून टाकणं परवडतं, ते शुल्क किती जड असेल! देशाच्या सरासरीत मात्र त्याचा मागमूस लागत नाही.

आणि शुल्क हे निदान मोजता तरी येतं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने एक फर्मान काढलं. परदेशातून येणाऱ्या सगळ्या व्हिडिओ रेकॉर्डरची कस्टम्स तपासणी फक्त प्वातिए इथे होईल. प्वातिए हे समुद्रापासून दूर, आतल्या भागातलं शहर. तिथलं कस्टम्सचं ठाणं छोटं, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जपानी रेकॉर्डरचे कंटेनर उत्तरेकडच्या बंदरांवरून ट्रकने तिथवर न्यायचे, रांगेत उभे करायचे, मग एकेक खोका उघडून अनुक्रमांक आणि फ्रेंच भाषेतली माहितीपुस्तिका तपासायची. शुल्कात बदल नव्हता आणि कोटाही नव्हता. पण नाताळच्या हंगामात माल गोदामातच पडून राहिला. पुढच्या वर्षी जपानने युरोपला जाणारे रेकॉर्डर ‘स्वेच्छेने’ मर्यादित करायचं मान्य केलं आणि प्वातिएचा नियम मागे घेतला गेला.

हा अडथळा कुठल्या रकान्यात लिहायचा? अभ्यासक अशा नियमांची मोजदाद करतात: किती टक्के वस्तूंवर शुल्काव्यतिरिक्त एखादी अट आहे. पण त्या मोजणीत लहान मुलांच्या खेळण्यातल्या विषारी रंगावरची बंदी आणि प्वातिएचं फर्मान यांना सारखाच एकेक गुण मिळतो. एक नियम मुलांना वाचवतो आणि दुसरा धंदा अडवतो. म्हणून नुसत्या नियमांच्या संख्येवरून कुणी एखाद्या देशाला बंदिस्त ठरवलं की मी तरी त्यावर चटकन विश्वास ठेवत नाही.

आता पुन्हा त्या ‘अपेक्षेपेक्षा’कडे. १९६२ मध्ये डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गन यांनी एक कल्पना व्यापाराला लावली. दोन देशांमधला व्यापार त्यांच्या आकारमानासोबत वाढतो आणि अंतरासोबत घटतो, गुरुत्वाकर्षणासारखा. या सूत्रातून कोणत्या दोन देशांत किती व्यापार ‘व्हायला हवा’ याचा अंदाज मिळतो. प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी असेल तर वाटेत काहीतरी अडतंय.

१९९५ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी हे कॅनडा आणि अमेरिकेला लावून पाहिलं. भाषा बहुतांशी एक, सीमा मोकळी, शुल्क नगण्य. तरीही कॅनडाचे प्रांत आपापसात जितका व्यापार करत होते, तो तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच अंतरावरच्या अमेरिकन राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या तब्बल २२ पट निघाला. अर्थशास्त्रात खळबळ उडाली. इतक्या मैत्रीच्या सीमेवर इतकी मोठी भिंत?

२००३ मध्ये अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी या हिशेबातली मेख दाखवली. नदीकाठच्या एका लहान गावाची कल्पना करा, पलीकडे मोठं शहर. नदीवर पूल नसेल तर गावातली माणसं नाइलाजाने आपसातच सगळे व्यवहार करतील, म्हणून गावातला व्यवहार खूप फुगलेला दिसेल. शहराला त्या नदीने फारसा फरक पडणार नाही, त्याचं आत सगळं भागतं. नदीपारच्या व्यवहाराची तुलना गावातल्या फुगलेल्या व्यवहाराशी केली, तर नदी खऱ्यापेक्षा कितीतरी रुंद भासेल. कॅनडा हे ते गाव. हे दुरुस्त केल्यावर उत्तर आलं की सीमेमुळे या दोन देशांमधला व्यापार सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो. हेही थोडं नाही, पण २२ पटींची दंतकथा त्यातून उतरली. सगळ्या पट्ट्यांमध्ये मला ही जास्त विश्वासाची वाटते, कारण ती ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढेच जात नाही.

एक दुरुस्ती मात्र या सगळ्याच पट्ट्यांना लागू पडते. २००९ मध्ये चीनमधून अमेरिकेत आलेल्या एका आयफोनची कारखाना-किंमत सुमारे १७९ डॉलर होती. त्यात चीनमधल्या जुळणीचे साडेसहा डॉलर. बाकीचे भाग जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया आणि खुद्द अमेरिकेतले. तरी आयातीच्या नोंदीत सगळे १७९ चीनच्या नावावर. म्हणून ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि जागतिक व्यापार संघटनेने २०१३ पासून कोणत्या देशाने किती भर घातली याचा वेगळा हिशेब द्यायला सुरुवात केली.

जपानकडे परत येऊ, कारण तिथे आणखी एक पट्टी लावली गेली, किमतीची. दार खरंच उघडं असेल तर तीच वस्तू दोन देशांत फार वेगळ्या भावाने टिकू नये. स्वस्त ठिकाणाहून कुणीतरी आणून विकेलच. १९८९ च्या सुमाराला अमेरिका आणि जपानच्या सरकारांनी मिळून दुकानांतले भाव पाहिले, तर बऱ्याच वस्तू जपानमध्ये महाग निघाल्या. मग अडथळा बंदराच्या आत आहे का, याचा शोध सुरू झाला. एक बोट गेलं ते मोठ्या दुकानांबाबतच्या कायद्याकडे. १९७३ च्या या कायद्याने मोठं दुकान उघडायचं तर आसपासच्या छोट्या दुकानदारांचं समाधान करावं लागे, आणि त्यात वर्षं जात. छोटं दुकान नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याचा माल ठेवायचं आणि तो घाऊक व्यापारी देशी कारखान्याशी बांधलेला असायचा. कायद्यात ‘परदेशी’ हा शब्दही नव्हता, पण परदेशी मालाला मांडणीवर जागा मिळत नव्हती. अमेरिकेच्या दबावानंतर कायदा सैल झाला. टॉईज आर अस या अमेरिकी खेळण्यांच्या दुकानाने १९९१ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पहिली शाखा काढली आणि जानेवारी १९९२ मध्ये नारा प्रांतातल्या काशिहारा इथल्या शाखेला खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले भेट द्यायला गेले. खेळण्यांच्या दुकानाला राष्ट्राध्यक्ष जातो, इतकं ते दार महत्त्वाचं झालं होतं.

दुसरा उपाय मात्र मला आजही चुकीचा वाटतो. संगणकाच्या चिप्सबाबत अमेरिका-जपानच्या १९८६ च्या करारात आणि मग उघडपणे १९९१ च्या करारात ठरलं की जपानी बाजारात परदेशी चिप्सचा वाटा २० टक्के व्हावा. म्हणजे जी मोजपट्टी होती तिलाच उद्दिष्ट केलं. वाटा कसा मोजायचा याचीही दोन सूत्रं करावी लागली. १९९२ च्या शेवटच्या तिमाहीत आकडा २० ओलांडून गेला. पण त्यातला किती दार उघडल्यामुळे आणि किती कंपन्यांना सांगून-सवरून घ्यायला लावल्यामुळे, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नव्हतं. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी अशा ठरवून घडवलेल्या आयातवाढीवर कडाडून टीका केली ती याच कारणाने: खुल्या व्यापाराच्या नावाखाली सरकारंच बाजाराचे हिस्से वाटून देत होती.

गाड्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. जपानमध्ये परदेशी गाड्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन या जर्मन नावांचा वरचष्मा आहे आणि अमेरिकी गाड्या तुरळक. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे हवं. रस्ते अरुंद, आणि विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एक तृतीयांशाच्या आसपास ‘केई’ वर्गातल्या चिमुकल्या गाड्या. जर्मन कंपन्यांनी उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या दिल्या, दालनं उघडली आणि टिकल्या. अमेरिकेचं म्हणणं, सुरक्षेच्या वेगळ्या चाचण्या आमची वाट अडवतात. २०२५ च्या करारात जपानने अमेरिकी सुरक्षा-प्रमाणपत्र असलेल्या गाड्या जादा चाचणीशिवाय स्वीकारायचं मान्य केलं. चाचणी खरोखर उठल्यावर पुढच्या काही वर्षांत अमेरिकी गाड्यांची विक्री वाढली, तर उंबरठा चाचणीचा होता असं म्हणता येईल. ती जागची हलली नाही, तर स्टिअरिंगच्या बाजूकडे आणि गाडीच्या लांबी-रुंदीकडे पाहावं लागेल.